मांजर झालेली एला: ठाण्यातील एका बालनाट्य शिबिराविषयी

उन्हाळी सुट्टीत मुलांना नाट्यशिबिराला घालणे ही ठाण्यात आता घरोघरची रीत झाली आहे. एप्रिल उजाडला की नौपाड्यापासून घोडबंदर रस्त्यापर्यंतच्या सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर शिबिरांची पत्रके लागतात. बहुतेक शिबिरांच्या अखेरीस जे पाहायला मिळते तेही ठरलेले असते: झाडे वाचवा असे सांगणारी एक नाटिका, एक समूहनृत्य, मुलांच्या हाती प्रमाणपत्रे आणि पालकांच्या हाती मोबाइल. पाचपाखाडीतील ज्या शिबिराला आमची मुलगी यंदा गेली, त्याने मात्र विषय घेतला होता एला स्टाइन या ज्यू मुलीच्या बालपणाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींच्या कैदेत असताना तिने एका संगीतिकेत मांजरीची भूमिका केली होती आणि त्या कैदेतून ती जिवंत बाहेर आली होती.

शिबिर चालवणाऱ्या गटाचे नाव येथे देत नाही. पुढे कौतुकाबरोबर काही तक्रारीही येणार आहेत, आणि चार-पाच तरुणांनी पदरमोड करून चालवलेल्या उपक्रमाला नाव घेऊन टोचावे असे मला वाटत नाही. ज्यांना चौकशी करायची असेल त्यांना ती पाचपाखाडी-नौपाड्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सहज मिळेल. वयोगट दहा ते चौदा, वेळ सकाळची, जागा एका शाळेचे सभागृह आणि शुल्क साडेचार हजार रुपये. वेशभूषेचे पैसे वेगळे द्यावे लागतात हे मात्र तालमी सुरू झाल्यावर कळले. रक्कम फार नव्हती, पण आधी सांगायला हवी होती.

पहिल्याच पालकसभेत एका आजोबांनी थेट विचारले की, सुट्टीच्या दिवसांत पोरांना हे असले रडवणारे कशाला शिकवता? दिग्दर्शन करणाऱ्या ताईंनी दिलेले उत्तर मला पटले. त्या म्हणाल्या की, एलाच्या आयुष्यातला जो भाग आम्ही घेतला आहे त्यात मुले पोटभर हसतात, कारण ती संगीतिका मुळात हसवणारीच आहे. दुःख त्या संगीतिकेच्या भोवती आहे आणि ते किती सांगायचे हे आम्ही वयाप्रमाणे ठरवू. हा शब्द त्यांनी बहुतांशी पाळला. शिबिराचे सर्वांत मोठे यश मी यातच मानतो.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी एलाची हकीकत थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण शिबिराने काय साधले आणि काय निसटले हे त्याशिवाय कळणार नाही. एला ३० जून १९३० रोजी चेकोस्लोव्हाकियातील लोम या लहान गावात जन्मली. १९३८ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, तिच्या वडिलांना पकडून नेले आणि ते पुन्हा घरी आले नाहीत. आई दोन्ही मुलींना घेऊन प्रागला आली. पण तेथेही ज्यूंना शाळा, बागा, ट्राम यांची दारे एकेक करून बंद होत गेली, आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये, एला अकरा वर्षांची असताना, या कुटुंबाची रवानगी तेरेझीनला झाली. तेरेझीन हे अठराव्या शतकात तटबंदी घालून वसवलेले लष्करी गाव. नाझींनी तेथल्या रहिवाशांना हलवून सगळ्या गावाचीच बंदिशाळा केली. जेथे पूर्वी ७,००० च्या आसपास वस्ती होती, तेथे सप्टेंबर १९४२ मध्ये ५८,००० हून अधिक माणसे कोंबलेली होती. एलाला मुलींच्या वसतिगृहात २८ क्रमांकाच्या खोलीत जागा मिळाली. तीन मजली लाकडी फळ्यांवर तेथे तीसेक मुली झोपत असत.

या गावात संगीत कसे आले, हा शिबिरातल्या मुलांना सर्वाधिक आवडलेला भाग. हान्स क्रासा या संगीतकाराने १९३८ मध्ये, आडोल्फ हॉफमाइस्टर यांच्या संहितेवर, मुलांसाठी ‘ब्रुंडिबार’ नावाची संगीतिका रचली होती. प्रागमधल्या ज्यू मुलांच्या अनाथाश्रमात ती चोरूनमारून सादर झाली, तोवर स्वतः क्रासा तेरेझीनला पोचलेही होते. पुढे अनाथाश्रमातली मुले आणि तालमी घेणारे रुडॉल्फ फ्रॉयडनफेल्ड यांनाही तेथेच धाडण्यात आले, तेव्हा फ्रॉयडनफेल्ड यांनी सामानात लपवून पियानोची स्वरलिपी आत नेली. छावणीत जी वाद्ये आणि जे वादक होते त्यांच्यापुरती क्रासा यांनी वाद्ययोजना नव्याने लिहून काढली. प्रागच्या रंगभूमीवर नाव कमावलेले नेपथ्यकार फ्रांटिशेक झेलेंका यांनी मिळेल त्या लाकडा-कापडातून कुंपण उभे केले. २३ सप्टेंबर १९४३ रोजी माग्देबुर्ग बराकीत पहिला प्रयोग झाला आणि त्यानंतरच्या वर्षभरात एकूण ५५.

कथा अगदी साधी आहे. पेपिचेक आणि आनिंका या भावंडांची आई आजारी असते, वैद्य दूध द्यायला सांगतात, आणि दुधाला पैसे नसतात. बाजारात ब्रुंडिबार नावाचा पेटीवाला दांडा फिरवून गाणी वाजवतो आणि लोक त्याला नाणी टाकतात, हे पाहून ही दोघेही गाऊ लागतात, तर तो त्यांना हुसकावून लावतो. रात्री एक चिमणी, एक मांजर आणि एक कुत्रा त्यांच्या मदतीला येतात, गावातली पोरे गोळा करतात, आणि सगळे मिळून अंगाईगीत गाऊन टोपीभर पैसे जमवतात. ती टोपी ब्रुंडिबार पळवतो, मुले त्याला पकडतात आणि विजयाचे गाणे गातात. हा जुलमी मिशीवाला म्हणजे हिटलर, हे तेरेझीनमध्ये कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. त्या शेवटच्या गाण्याला प्रेक्षक थांबू देत नसत, असे एला पुढे आयुष्यभर सांगत राहिली.

मूळ संगीतिका उभी करण्याचा आव गटाने आणला नाही, हे बरे झाले. त्यांनी एलाच्या आयुष्यावर पाऊण तासाची स्वतःची संहिता लिहिली, तीत हा कथाभाग नाटकातले नाटक म्हणून गुंफला आणि चाली संगीताच्या सरांनी नव्याने बांधल्या. आपल्याकडच्या संगीत नाटकाच्या कानाला त्या चाली परक्या वाटत नाहीत. अंगाईला त्यांनी ओवीचा ठेका दिला होता आणि तो इतका बेमालूम बसला की, मागच्या रांगेतल्या दोन-तीन आज्या नकळत मान डोलावू लागल्या.

याच सरांची आणखी एक युक्ती सांगण्याजोगी आहे. पहिल्या दिवशी त्यांनी मुलांना काहीही न सांगता आकाशवाणीची ती जुनी ओळखधून पेटीवर वाजवली. तंबोऱ्याच्या साथीने व्हायोलिनवर वाजणारी ही धून घरातल्या वडीलधाऱ्यांना झोपेतही ओळखता येते. मग त्यांनी सांगितले की, ही धून ज्यांच्या नावावर सांगितली जाते ते वॉल्टर कॉफमन हे आजच्या चेक प्रजासत्ताकात जन्मलेले ज्यू संगीतकार होते, आणि युरोपातले वारे ओळखून ते १९३४ मध्येच मुंबईला आले होते. जे वेळेवर निघाले ते आपल्या रेडिओवर पोचले आणि जे मागे राहिले त्यांतले क्रासा तेरेझीनला गेले, एवढेच बोलून ते थांबले. दूरदेशीची गोष्ट मुलांच्या घरात आणून ठेवण्याची इतकी नेमकी रीत मी शाळेच्या वर्गातही क्वचितच पाहिली आहे.

वेशभूषेबद्दल लिहिताना हात आखडता घेणे कठीण आहे. झेलेंका यांच्यापाशी कापड नव्हते, म्हणून एलाने बहिणीची बर्फावर घालायची विजार आणि आईचा काळा स्वेटर चढवला, आणि तिच्या गालांवर बूटपॉलिशने मिशा काढल्या गेल्या. शिबिरातल्या वेशभूषेच्या ताईंनी मुलांना नवे काही आणू दिले नाही. घरातले जुने काळे कपडे, तेही शक्यतो दुसऱ्या कोणाचे, अशी अट घातली. आमच्या मुलीच्या वाट्याला तिच्या मामेबहिणीची विरलेली काळी लेगिंग्ज आणि माझा कोपरांवर झिजलेला स्वेटर आला. मे महिन्याच्या उकाड्यात तो स्वेटर घालून तिने तक्रार केली नाही, यावरून तालमीत काय वातावरण असेल याची कल्पना यावी. मिशा काजळाच्या होत्या. बूटपॉलिश त्वचेला बरे नाही म्हणून ते वापरले नाही, आणि मुलांनी त्याबद्दल चक्क हुज्जत घातली.

पण खरी करामत होती ती पिवळ्या ताऱ्याची. नाझी राजवटीत ज्यूंना कपड्यांवर सहा टोकांचा पिवळा तारा लावण्याची सक्ती होती. प्रयोगात काम करताना मात्र मुलांना तो काढण्याची मुभा असे, आणि तेवढाच वेळ आपण ताऱ्याशिवाय असायचो, असे एला सांगत असे. शिबिराच्या नाटकात हे एका वाक्यातही सांगितलेले नाही. तारे टिचबटणांनी कपड्यांवर लावले होते. पडद्यामागून ‘तयार राहा’ अशी हाक येते, आणि रांगेत उभी असलेली मुले एकेक करून छातीवरचा तारा ओढून काढतात. शांत सभागृहात टिचबटण सुटल्याचा तो बारीक आवाज ओळीने ऐकू येत जातो, आणि लगेच ढोलकी सुरू होऊन चिमणी उड्या मारत मंचावर येते. प्रयोग संपल्यावर तीच मुले तारे परत लावतात, या वेळी आवाजही होत नाही आणि कोणी कोणाकडे पाहतही नाही. हौशी रंगभूमीवर इतके मोजके आणि इतके अचूक काही मी बऱ्याच काळात पाहिले नव्हते.

फ्रीडल डिकर-ब्रान्डाइस यांचा प्रवेशही चांगला जमला होता. एलाला आणि छावणीतल्या शेकडो मुलांना चित्रकला शिकवणाऱ्या या बाईंनी स्वतःच्या सामानात कपड्यांऐवजी कागद-रंग भरून आणले होते. ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑश्विट्झच्या मृत्युछावणीत पाठवले जाण्यापूर्वी त्यांनी मुलांची साडेचार हजारांच्या आसपास चित्रे दोन पेट्यांत भरून मागे ठेवली. आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. या प्रवेशासाठी शिबिरातल्या मुलांनी पाठकोऱ्या कागदांवर चित्रे काढली. ‘तेथल्या मुलांसारखी काढा’ असे कोणी सांगितले नाही, त्यामुळे त्यांत ठाण्याचा तलाव होता, भाजीची गाडी होती आणि क्रिकेटही होते. हा निर्णय शहाणपणाचा होता.

आता तक्रारी, आणि त्यांतली पहिली थोडी गंभीर आहे. तालमीच्या दिवसांत एका मुलाने विचारले होते की, प्रयोग इतका चांगला झाला म्हणून मग त्यांना सोडून दिले का? ताईंनी त्याला सरळ सांगितले, ‘नाही रे, सोडलं नाही.’ तेथेच त्यांनी मुलांना २३ जून १९४४ च्या त्या दिवसाबद्दलही सांगितले, ज्या दिवशी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे प्रतिनिधी तेरेझीन पाहायला आले होते. पाहुण्यांसाठी रस्ते धुतले गेले, दुकानांच्या खोट्या काचा सजवल्या गेल्या, गर्दी कमी दिसावी म्हणून आधीच हजारो लोकांना ऑश्विट्झला धाडले गेले, आणि पाहुण्यांना ‘ब्रुंडिबार’ दाखवण्यात आली. उन्हाळा सरता सरता नाझींनी एक प्रचारपट काढला, त्यातही हीच मुले गाताना दिसतात. चित्रीकरण आटोपले आणि २८ सप्टेंबर ते २८ ऑक्टोबर १९४४ या एका महिन्यात अकरा गाड्या भरून १८,००० हून अधिक माणसे ऑश्विट्झला नेण्यात आली. क्रासा गेले, झेलेंका गेले, आणि ब्रुंडिबारची भूमिका करून सगळ्या छावणीचा लाडका झालेला होंझा ट्राइखलिंगर हा अनाथ मुलगाही गेला. यांतले कोणीही परत आले नाही.

तालमीत हे सगळे सांगणाऱ्या गटाने प्रत्यक्ष प्रयोगात मात्र शेवटी निवेदन काय लावावे, तर ‘कलेने एलाला वाचवले.’ मागे बासरी आणि निळा प्रकाश. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला आणि माझ्या शेजारच्या गृहस्थांनी रुमाल काढला, तरी हे वाक्य खोटे आहे असेच मला म्हणायचे आहे. एलाएवढाच, किंबहुना तिच्यापेक्षा जास्त टाळ्या घेणारा होंझा वाचला नाही. ज्यांनी ती कला रचली, रंगवली, शिकवली तेही बहुतेक गेले. एला, तिची आई आणि बहीण वाचल्या, कारण त्या गाड्यांत त्यांना चढवले गेले नाही. हे कोणाच्या गाण्यावर ठरत नव्हते. उलट त्या मुलांचे गाणे नाझींनी जगाच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी वापरून घेतले. कलेने त्यांना जे दिले ते याहून लहान आणि याहून खरे होते: आठवड्यातून एकदा ताऱ्याशिवाय उभे राहण्याचा पाऊण तास आणि दुष्टाला हरवल्याचा आनंद. टिचबटणांच्या प्रवेशात गटाने नेमके तेवढेच दाखवले होते. स्वतःच्याच उत्तम कामावर त्यांनी अखेरीस बासरीचे पाणी ओतले. पुढच्या प्रयोगात ते निवेदन काढून टाकावे असे मी त्यांना लेखी कळवले आहे. त्यांनी विचार करतो म्हटले आहे.

दुसरी तक्रार पत्रकाची. पालकांना वाटलेल्या चार पानी पत्रकात तेरेझीनला ‘विषारी वायूची छावणी’ म्हटले आहे. तसे ते नव्हते. सुमारे १,४०,००० ज्यूंना तेथे आणले गेले. त्यांतले ३३,००० च्या आसपास उपासमार आणि रोगराईने तेथेच मेले, आणि ८८,००० च्या आसपास तेथून पुढे पूर्वेकडील छावण्यांत व वस्त्यांत पाठवले गेले, जेथे त्यांतल्या बहुतेकांची हत्या झाली. वाटेवरचे ठिकाण आणि शेवटचे ठिकाण यांतला हा फरक मुलांना समजला तरच रेडक्रॉसच्या भेटीचे नाटक समजते. पाहुण्यांना गाडी पुढे कोठे जाते हे दाखवलेच गेले नव्हते. इतिहासावरचे काम करताना छपाईपूर्वी मजकूर एखाद्या जाणकाराकडून वाचून घेणे जड जाऊ नये.

तिसरी गोष्ट तक्रारीपेक्षा हळहळ म्हणावी अशी आहे. शिबिरातल्या बऱ्याच मुलांचा समज झाला की, ज्यू म्हणजे युरोपातले कोणीतरी गोरे लोक. वास्तविक शिबिराच्या जागेपासून फार लांब नसलेल्या टेंभी नाक्याच्या परिसरात १८७९ मध्ये उभारलेले ‘शआर हशामायिम’ हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आहे आणि ठाण्यातले बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू, पिढ्यानपिढ्या आपल्यासारखेच मराठी बोलतात, चेऊलकर-पेणकर अशी कोकणच्या गावांची आडनावे लावतात आणि नवसाला मलिदा करतात. हिंदी चित्रपटांतले डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, याच समाजातले. ज्या सरांना आकाशवाणीची धून सुचली त्यांना हे सुचू नये याचे नवल वाटते. परवानगी घेऊन सिनेगॉगची एक भेट ठरवली असती, किंवा त्या समाजातल्या कोणा आजी-आजोबांना मुलांशी बोलायला बोलावले असते, तर एला ही परक्या मुलखातली राहिली नसती.

व्यवस्थेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सभागृहात पंखे पुरेसे नव्हते. पाण्याची सोय चांगली होती, मुलींच्या कपडे बदलण्याच्या खोलीवर कायम एक ताई असे आणि सुटल्यावर ओळखीचा माणूस आल्याशिवाय मूल सोडले जात नसे. प्रयोगाच्या दिवशी गाड्या लावण्याची बोंब होती. गोखले रस्त्यावरून चालत येणेच श्रेयस्कर.

युद्ध संपताना, ८ मे १९४५ रोजी, तेरेझीन मुक्त झाले तेव्हा एला पंधरा वर्षांचीही नव्हती. १९४९ मध्ये ती इस्राएलला गेली, १९५८ मध्ये अमेरिकेत, आणि लग्नानंतरचे एला वाइसबर्गर हे नाव लावून ती म्हातारपणी देशोदेशी शाळांमधून होणाऱ्या ‘ब्रुंडिबार’च्या प्रयोगांना जात राहिली आणि शेवटच्या गाण्यात मुलांबरोबर उभी राहून गात राहिली. २०१८ मध्ये ती वारली. नाटकात हा सगळा उत्तरार्ध दोन मिनिटांत उरकला होता. माझ्या मते निळ्या प्रकाशाची जागा यालाच द्यायला हवी होती. ऐंशी वर्षांच्या बाई चिमुरड्यांच्या रांगेत मांजरीच्या जागी उभ्या आहेत, हे दृश्य मुलांना करायलाही आवडले असते.

दिवाळीच्या सुट्टीत हीच संहिता वाशीत करण्याचा गटाचा बेत आहे असे कळते. मूल दहा वर्षांचे असेल आणि प्रश्न विचारणारे असेल तर जरूर घाला. आठ-नऊच्या मुलांना मोठ्या भावंडाबरोबर घेतात, पण तेवढ्या लहानांना मी पाठवणार नाही. वेशभूषेचे पैसे, उकाड्याची सोय आणि सिनेगॉगच्या भेटीचे काय, हे तिन्ही प्रवेश घेतानाच विचारून घ्यावे. आमच्याकडे मांजरीचा स्वेटर अजून आहे. वाशीच्या कोणा मुलीला हवा असल्यास गटाकडे देऊन ठेवीन.